ड्रायक्लीनरकडे दिलेला कोट

शुभदाताईंनी उल्हासरावांचा कोट काळ्या पिशवीत कोंबला, पिशवीच्या तोंडाला गाठ मारली, आणि कोट आतून धडपडत बाहेर येईल अशी भीती वाटून आणखी एक गाठ मारली. मार्च संपत आला होता. कॅनडातल्या केंब्रिज गावातला बर्फ वितळून ड्राइव्हवेच्या कडेला त्याचा मळकट ढीग तेवढा उरला होता. उल्हासराव ग्रोसरी आणायला गेले होते आणि कोथिंबिरीची जुडी निवडायला त्यांना नेहमी वीस मिनिटं लागत. तेवढ्यात शुभदाताई गाडी काढून दान केलेल्या वस्तूंच्या दुकानात जाऊन आल्यासुद्धा.

तसं त्यांचं कोटाशी वैर नव्हतं. दोष असलाच तर फ्रेंच वळणाच्या मॉन्ट्रियल शहराचा. हिवाळ्यात त्या आठवडाभर लेकीकडे, अनुयाकडे, राहून आल्या होत्या. तिथल्या बेकरीच्या रांगेत त्यांना सत्तरीची एक बाई दिसली. काळा साधा स्वेटर, गळ्यात एक रुमाल, हातात लांब पाव. बस, एवढंच. पण अशी दिसत होती की शुभदाताईंची नजर हटेना.

"अगं, ही लग्नाला निघालीय का कुणाच्या?"

"आई, शी इज जस्ट बाइंग ब्रेड," अनुया म्हणाली.

नुसता पाव आणायला जाताना माणूस इतकं नीटनेटकं, इतकं देखणं असू शकतं, हे शुभदाताईंच्या मनात घर करून बसलं. परत आल्यावर त्या फोनवर एका फ्रेंच बाईचे व्हिडिओ बघू लागल्या. बाईंचं म्हणणं थोडक्यात असं होतं की वस्तू मोजक्या ठेवा, पण रोज दिसल्यावर डोळ्यांना बरं वाटेल अशा ठेवा. मग घरातले श्रीखंडाचे रिकामे डबे गेले. जुन्या बाजारातून निळ्या फुलांच्या बशा आल्या. कपाटांत लव्हेंडरच्या पुरचुंड्या आल्या आणि उल्हासरावांच्या बनियनला बागेचा वास येऊ लागला. एका रविवारी पोह्यांऐवजी बशीत मुळे आले, शेजारी लोणी आणि मीठ.

"हे काय?" उल्हासरावांनी विचारलं.

"फ्रेंच लोक असंच खातात."

"मुळा? लोणी लावून?"

"हो."

"मग भाकरीला काय लावतात?"

पण मुकाट्याने त्यांनी तीन मुळे खाल्ले. उल्हासराव स्वभावाने गरीब. गावाबाहेरच्या गाड्यांच्या मोठ्या कारखान्यात ते तपासनीस होते. गाडीचं दार आणि गाडीचं अंग यांच्यामधली फट सगळीकडे सारखी आहे की नाही, हे बघायचं त्यांचं काम. अर्ध्या मिलिमीटरचा फरक ते नुसत्या डोळ्यांनी सांगत. घरी मात्र हे डोळे ते मिटून घेत, असं शुभदाताईंचं ठाम मत होतं. नाहीतर असला कोट अंगात घालून सव्वीस वर्षं कोण हिंडलं असतं?

कोटाचा रंग ओल्या चिखलाचा. पाच बटणांपैकी चार तपकिरी, एक काळं. ते काळं शुभदाताईंनीच अनुयाच्या शाळेच्या जॅकेटचं काढून लावलेलं. अस्तराला ठिगळं, खिशाला भोक, आणि सगळ्याला मिळून मशीनच्या तेलाचा वास. नव्या फ्रेंच घरात दाराशी खुंटीवर तो लोंबकळताना दिसला की शुभदाताईंना वाटे, कुणीतरी उपाशी माणूस आत यायची वाट बघत उभा आहे. म्हणून त्यांनी त्याची बोळवण केली. हवा उबदार झाली होती आणि पुढच्या हिवाळ्याआधी नवा आणता आला असता.

पण कॅनडातल्या एप्रिलवर विसंबून कुणी असं काही करू नये. तिसऱ्या आठवड्यात सोमवारी सकाळी पडदा सरकवला तर बाहेर वीतभर बर्फ.

"अगं, माझा कोट कुठाय?"

"ड्रायक्लीनरकडे दिलाय," शुभदाताई म्हणाल्या. इतकं सफाईदार खोटं आपल्याला येतं, याचं त्यांनाच नवल वाटलं.

"ड्रायक्लीनरकडे? तो कोट?" उल्हासरावांचा चेहरा उजळला. "बरं झालं, बाई. मी म्हणणारच होतो. शुक्रवारी कारखान्यातला शेवटचा दिवस ना माझा. पहिल्या दिवशी तो घालून आत गेलो होतो, शेवटच्या दिवशी तोच घालून बाहेर पडायचं ठरवलंय. तुला कसं गं कळलं?"

शुभदाताई पाठ फिरवून चहा गाळू लागल्या.

मंगळवारी उल्हासराव स्वतःच ड्रायक्लीनरकडे जाऊन आले. जयंतीभाईंचं दुकान कोपऱ्यावरच होतं. मार्चमध्ये त्यांचा कॉम्प्युटर बंद पडून दोन दिवसांच्या सगळ्या नोंदी उडाल्या होत्या. तेव्हापासून कुणीही येऊन कपडा मागितला की जयंतीभाईंच्या छातीत धस्स होई. उल्हासरावांकडे पावती नव्हती, पण तीस वर्षांच्या धंद्यात आपण कधी गिऱ्हाइकाला खोटं पाडलं नाही, या अभिमानापायी ते बोलून बसले, "है, भाईसाब, है. अंदर ही है. शुक्रवार से पहले मिल जाएगा."

बुधवारी शुभदाताई आपल्या नोकरीवर, डेंटिस्टच्या रिसेप्शनवर, बसल्या असताना जयंतीभाईंचा फोन आला. आवाज अगदी खाली गेलेला.

"भाभी, सच बोलूँ? कोट मिल नहीं रहा है. पूरा दुकान उलटा कर दिया."

आता खरं सांगायला हवं होतं. शुभदाताईंनी तोंड उघडलंही. पण समोर दाढ धरून एक पेशंट उभा होता, आणि खरं सांगायला जरा निवांतपणा लागतो.

"जाने दीजिए ना, जयंतीभाई. पुराना था."

"पुराना? भाईसाब तो बोले पहले दिन का कोट है! मेरी इज्जत का सवाल है, भाभी. मैं ढूँढ के रहूँगा."

म्हणजे जो कोट दुकानात कधी गेलाच नव्हता, तो शोधण्यासाठी एक सज्जन माणूस स्टीमच्या पाइपांमागे रांगत होता. शुभदाताईंनी गुरुवारची अर्धी सुट्टी टाकली.

दान केलेल्या वस्तूंच्या दुकानातल्या बाईने मान हलवली. "लोकरीचे कोट? ते आमच्याकडे टिकतच नाहीत. दर मंगळवारी ओडेट येते आणि सगळे घेऊन जाते. गॉल्टमध्ये, नदीकाठी तिचं जुन्या फॅशनच्या कपड्यांचं दुकान आहे."

गॉल्ट म्हणजे केंब्रिजचा जुना भाग. दगडी इमारती, मधून वाहणारी नदी, अरुंद फुटपाथ. ओडेटचं दुकान शोधावं लागलंच नाही. काचेमागे एक कोट होता, आणि तो बघून शुभदाताई बर्फातच थबकल्या.

कोट मधाच्या रंगाचा होता. खांद्यापासून खाली असा अलगद उतरलेला, की आत पुतळा नसून कुणीतरी श्वास घेतंय असं वाटावं. कमरेला पट्टा, रुंद कॉलर, कासवाच्या पाठीसारखी चमकणारी पाच बटणं. मॉन्ट्रियलच्या त्या बाईने पाव आणायला जाताना घातला असता, तर तो असाच. शुभदाताई कशासाठी आल्या होत्या, ते मिनिटभर साफ विसरल्या.

आत ओडेट होती. साठीची, बारीक, पांढऱ्या केसांचा अंबाडा. मूळची मॉन्ट्रियलकडची, क्युबेकची, त्यामुळे इंग्रजी बोलतानाही फ्रेंच डोकवायचं.

"पुरुषाचा कोट? चिखलाच्या रंगाचा?" तिने खांदे उडवले. "नाही, मादाम. मी पुरुषांचे कोट घेतच नाही. पुरुष कपडे मरेपर्यंत वापरतात, माझ्याकडे काही उरत नाही."

 कोट गेला. उद्या शुक्रवार. सव्वीस वर्षांत माणसाने स्वतःसाठी एक गोष्ट ठरवली होती, आणि ती आपण गाठ मारून टाकून दिली. एक नव्हे, दोन गाठी.

त्यांचा चेहरा पाहून ओडेट विरघळली. "मादाम, तो काचेतला घालून बघा. विकत घेऊ नका, नुसता घाला. मी उदास असले की तेच करते."

कोट अंगावर चढला आणि आरशात एक वेगळीच बाई उभी राहिली. ओडेट मागे उभी राहून सांगत होती. "पॅरिसमध्ये शिवलेला आहे. साठ-बासष्ट सालचा असेल. आतल्या खिशात शिंप्याची पट्टी होती. किती मळला होता! तीन वेळा धुतला, तेव्हा हा रंग बाहेर आला. एक बटण कुठल्यातरी काळ्या प्लास्टिकचं होतं, अस्तर तर विचारू नका. पण खिशात खजिना होता. खिशाला भोक होतं ना, त्यातून सगळं अस्तरात उतरलेलं. जायफळं सापडली. पूर्वीच्या बायका सुवासासाठी खिशात जायफळ ठेवत असणार. किती फ्रेंच! एक मी बटाट्यात किसून घातलं. जरा कडक निघालं."

शुभदाताई ऐकत नव्हत्या. कॉलरवर एका सोनेरी पिनेने कागदाचा पिवळा पडलेला तुकडा लावला होता. किमतीची चिठ्ठी असेल म्हणून त्यांनी तो वाचला.

'डब्यात दोन पोळ्या जास्त ठेवल्या आहेत. थंडी वाजली तर कॉलर वर करा. लवकर या.'

वाचून झालं आणि त्यांनी किंमत शोधायला कागद उलटा केला. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण मराठी वाचलं. गॉल्टमध्ये, ओडेटच्या दुकानात, फ्रेंच कोटावर. आणि 'पोळ्या'मधला तो लांबलचक ळ आपल्याशिवाय कुणीच असा काढत नाही.

"ते प्रेमपत्र आहे," ओडेट कुजबुजली. "कोणती लिपी आहे कळत नाही. पण बघा, किती वेळा उघडून पुन्हा घडी घातलीय. घडीवर कागद फाटत आलाय. तीन आठवडे झाले, येणाऱ्या प्रत्येकाला विचारते. तुम्हाला वाचता येतं?"

"मीच लिहिलंय," शुभदाताई म्हणाल्या, आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसायला गेल्या, पण तो कोट आहे हे आठवून हाताने पुसले.

तेव्हा सांगलीहून येऊन दोनच महिने झाले होते. अनुया वर्षाची. शेजारणीची मुलं सांभाळून शुभदाताईंना पहिली कमाई झाली, ती घेऊन त्या चर्चच्या तळघरातल्या जुन्या कपड्यांच्या विक्रीला गेल्या. एकाच दांडीवर सगळे कोट. कुठला कुणाचा, हे सांगायला कुणी नव्हतं. त्यांनी सगळ्यांत जड तो निवडला. उल्हासरावांना नोकरी लागली, त्या दिवशी पहाटे त्यांना तो चढवला आणि लांबून बघून टाळ्या वाजवल्या होत्या. डब्यात चिठ्ठी ठेवली होती. चिठ्ठीचं त्या पार विसरून गेल्या होत्या.

ओडेटने सगळं ऐकलं. 'दोन पोळ्या जास्त' याचा अर्थ समजावून घेतला. मग हळूच म्हणाली, "पण मादाम, हा बाईचा कोट आहे. बटणांची बाजू बघा. पुरुषांची इकडे असतात."

शुभदाताई खुर्चीत बसल्या. म्हणजे सव्वीस वर्षं आपण नवऱ्याला बाईचा कोट घालून पाठवत होतो. मळला होता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नसेल, देवाची कृपा. पण आता हा असा धुतलेला, पट्ट्याचा, मधाच्या रंगाचा! उद्या हा घालून ते गेले, तर शेवटच्या दिवशी सगळा कारखाना हसेल. आणि त्यांना सांगायचं तरी कसं? बिचाऱ्यांना कळलं तर काय वाटेल?

ओडेटने घेतला तेवढ्यालाच कोट परत दिला, वर पिन फुकट दिली आणि राहिलेली दोन जायफळं परत करायला विसरली. शुभदाताईंनी चिठ्ठी कोटाच्या उजव्या खिशात ठेवली आणि वाटेत पक्कं ठरवलं. कोट आपण घालायचा, नवा म्हणून. त्यांचा हरवला, असं सांगायचं.

संध्याकाळी त्या तो घालून दारात उभ्या राहिल्या. उल्हासराव सोफ्यावरून बघतच राहिले. बराच वेळ बघत राहिले.

"जुन्या बाजारात मिळाला," शुभदाताई घाईघाईने म्हणाल्या. "फ्रेंच आहे."

"छान आहे," उल्हासराव म्हणाले. "फारच छान दिसतेस."

इतक्यात बेल वाजली. जयंतीभाई. हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक अवाढव्य काळा कोट.

"भाईसाब, माफ करो," त्यांनी कोट पुढे केला. "आपका कोट मेरे हाथ से गुम हो गया. ये दो साल से कोई लेने नहीं आया. आप रख लो. ना मत बोलना."

शुभदाताईंनी खाली बघितलं. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. उल्हासरावांनी कोट अंगात घातला. तो सहा फुटांच्या माणसाचा होता आणि उल्हासराव पाच फूट चार. हात बाह्यांत गडप झाले.

"एकदम फिट, जयंतीभाई," ते म्हणाले. "कल यही पहनूँगा."

शुक्रवारी कारखान्याच्या जेवणघरात केक होता, फुगे होते आणि शंभरेक माणसं होती. उल्हासराव तंबूतून बाहेर डोकावल्यासारखे त्या काळ्या कोटातून सगळ्यांशी हात मिळवत होते, म्हणजे आधी बाही मिळवत होते आणि मग आत शोधून हात. शुभदाताई शेजारी उभ्या होत्या. त्यांना जाणवलं की लोक आपल्याकडे जरा जास्तच बघताहेत. उल्हासरावांचा जोडीदार हरमीत तर लांबूनच थांबला. "भाभीजी, ये कोट…" तो म्हणाला आणि जीभ चावून केककडे गेला.

मग जुना फोरमन ग्लेन बोलायला उभा राहिला. तो दहा वर्षांपूर्वीच निवृत्त झाला होता, खास आज आला होता.

"उल्हास पहिल्या दिवशी आला," तो म्हणाला, "तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, मित्रा, राग मानू नकोस, पण हा लेडीज कोट आहे."

शुभदाताईंनी झटकन कोटाची बटणं हातांनी झाकली.

"हा म्हणाला, ठाऊक आहे. घरातच दिसलं, बटणं उलट्या बाजूला आहेत. म्हटलं, मग घातलास कशाला? तर म्हणाला, बायकोने तिच्या पहिल्या कमाईतून आणलाय. मी घातल्यावर तिने टाळ्या वाजवल्या. तिला कळता कामा नये." ग्लेनने चष्मा पुसला. "त्याच दिवशी मी शिफ्टला सांगितलं. तेव्हापासून या विभागात नव्या माणसाला दोनच नियम सांगतात. एक, डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा लावल्याशिवाय आत यायचं नाही. दोन, उल्हासच्या कोटाबद्दल बोलायचं नाही. आणि आज तो कोट ज्यांच्या अंगावर हवा होता, त्यांच्या अंगावर पाहिला. म्हटलं, चला, शेवटी सांगितलं याने."

सगळे टाळ्या वाजवू लागले. ते कोटाकडे बघून वाजवत होते. उल्हासराव केकवरचं आपलं नाव पहिल्यांदाच वाचल्यासारखं वाचत होते. अर्ध्या मिलिमीटरची फट ओळखणाऱ्या माणसाला बटणं दिसली नसतील, असं आपल्याला वाटलंच कसं, या विचाराने शुभदाताईंना हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. त्यांनी दोन्ही येऊ दिलं.

बाहेर पार्किंगमध्ये बारीक बर्फ पडत होता. दोघं गाडीपाशी आले.

"अहो," शुभदाताई म्हणाल्या, "तो कोट मी ड्रायक्लीनरकडे दिलाच नव्हता. टाकून दिला होता."

"काल कळलं. दारात उभी राहिलीस तेव्हाच."

"कसं?"

"डावी बाही. मशीनमध्ये अडकून फाटली होती, तू शिवली होतीस. टाके तुझेच आहेत, जरा तिरके."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर काढून ठेवला असतास." उल्हासरावांनी लांब बाहीनेच गाडीच्या काचेवरचा बर्फ पुसला. "आणि मला तू त्यात फार आवडलीस गं."

 उल्हासरावांनी सवयीने शुभदाताईंच्या कोटाच्या उजव्या खिशात हात घातला. आत चिठ्ठी होती, नेहमीच्या जागी. त्यांनी ती चाचपली आणि तिथेच राहू दिली. मग आणखी खोल शोधलं.

"माझी सुपारी कुठे गेली?"

"ओडेटने बटाट्यात किसून घातली."

"कोण ओडेट?"

"गाडीत सांगते. जयंतीभाईंनाही सांगायचंय. मी स्वतः जाऊन सांगते, आत्ताच." शुभदाताईंनी उल्हासरावांच्या टोपीवरचा बर्फ झटकला. "तुम्ही आधी कॉलर वर करा."

उल्हासरावांनी कॉलर वर केली. ती इतकी मोठी होती की टोपीसकट ते आत दिसेनासे झाले. थोड्या वेळाने आतून आवाज आला.

"आणि पोळ्या?"

"घरी आहेत," शुभदाताई म्हणाल्या. "दोन जास्त."